मामाजी प्लॉट पाहतात

साकोली तालुक्यात कुठेही पाच नोकरदार माणसं एकत्र बसली, की त्यातल्या तिघांचा नागपुरात प्लॉट असतो, चौथ्याचा प्लॉट कोर्टात असतो आणि पाचवा अजून पाहत असतो. एकोडीचे मामाजी हे पाचवे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायला लागले तेव्हापासून ते प्लॉट पाहताहेत. मध्ये बढती मिळाली, पोरगा इंजिनिअर झाला, पेन्शनही सुरू झाली. पाहणं चालूच आहे.

गावापासून नागपूर शंभरेक किलोमीटर. तिथे आपलं काही असावं, ही आमच्याकडच्या प्रत्येक पगारदाराची इच्छा. कारणं ठरलेली: पोरांचे क्लास, म्हाताऱ्यांचे दवाखाने, आणि ‘नागपूरले आपलं घर हाये’ हे वाक्य लग्नाच्या पंगतीत सहज टाकता यावं ही सोय. मामाजींना हे वाक्य टाकता येत नाही. पण बेसा, हुडकेश्वर, वाठोडा, बुटीबोरी यांबद्दल ते जे बोलतात, ते ऐकून समोरच्याला वाटतं, ह्या माणसाचे किमान चार प्लॉट असणार.

रविवारी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून मामाजी निघतात. पिशवीत माहितीपत्रकं आणि लोकांच्या सातबाऱ्यांच्या झेरॉक्स. नागपुरात लेआउटवाल्यांची गाडी त्यांना घ्यायला येते. साइट दाखवणं फुकट, वर नाश्ता. या नाश्त्यावरून मामाजींनी शहराचा एक नकाशाच तयार केला आहे. रिंग रोडच्या आत नुसता चहा. बेस्याला आलूबोंडा. त्याच्या पुढे तर्री-पोहे. बुटीबोरीच्याही पलीकडे गेलात तर पत्रावळीवर पूर्ण जेवण. “गुलाबजामुन दिसला का समजून घ्याचं,” मामाजी सांगतात, “नागपूर मांगं रायलं.” घरबांधणीवर मी बरीच पानं वाचली आहेत, पण शहरापासूनचं अंतर मोजायचं इतकं खात्रीचं साधन कुठे आढळलं नाही.

साइटवर पोचल्यावर एजंट आकाशाकडे हात करून क्लब हाऊस, जॉगिंग ट्रॅक, बालोद्यान दाखवतो. मामाजी खाली पाहतात. बाजारात बैलाचे दात पाहावेत तसे कोपऱ्याकोपऱ्यात वाकून माती चिमटीत घेतात. मग तो प्रश्न येतो, ज्याच्यामुळे नागपूरचे अनेक एजंट त्यांचा फोन उचलत नाहीत: “पावसाळ्यात पानी कुठं जाते?”

यात थट्टेसारखं काही नाही. आमचा जिल्हा तलावांचा. मालगुजारीच्या काळात बांधलेले तलाव, ज्यांना सरकारी कागदातही आता ‘मामा तलाव’ म्हणतात, आणि शेताशेतात बोड्या. धान पिकवणाऱ्या माणसाला जमिनीचा उतार पायाच्या तळव्याला कळतो. लेआउटच्या कडेला बेशरमाची झुडपं माजलेली दिसली, की मामाजी मान हलवतात. “बोडी बुजवली जी यायनं.” एकदा एका पोरसवदा एजंटनं हौसेनं सांगितलं, “काकाजी, लेक व्ह्यू आहे.” मामाजी म्हणाले, “उन्हाळ्यात लेक व्ह्यू. पावसाळ्यात लेक.”

पाण्यातून सुटलेला प्लॉट कागदात अडकतो. नगररचनेची मंजुरी म्हणजे टीपी झालं का, बिगरशेती म्हणजे एनए झालं का, रिलीज लेटर म्हणजे आरएल निघालं का, हा मामाजींचा तिहेरी जप. नागपुरात लेआउट नावानं कमी आणि आकड्यानं जास्त ओळखले जातात. ‘५७२ मधलं हाये का १९०० मधलं?’ असं विचारलं की नागपूरकर बरोबर समजतो, की प्रश्न नियमित होण्याच्या रांगेतल्या वस्त्यांचा आहे. गुंठेवारीचा कायदा २००१ साली आला, तेव्हा मामाजी म्हणाले, सारं नियमित होऊ द्या, मग घेऊ. २०१७ मध्ये महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आलं. त्याच वर्षी महारेराही आला. नवीन नियम बसू द्या, मग घेऊ. २०२१ मध्ये गुंठेवारीची मुदत वाढवून २०२० अखेरपर्यंतची बांधकामं आत घेतली. पाहा, थांबलो ते बरं झालं ना! मेट्रो येऊ द्या, म्हणाले. ११ डिसेंबर २०२२ ला पंतप्रधानांनी एकाच दिवशी मेट्रोचा पहिला टप्पा पूर्ण झाल्याचं जाहीर केलं, समृद्धी महामार्गाचा पहिला भाग खुला केला आणि मिहानमधल्या एम्सचंही लोकार्पण केलं. मामाजींनी टीव्ही बंद केला. “आता भाव वाढले. उतरू द्या.”

न घेतलेल्या प्लॉटांची यादी त्यांना तोंडपाठ आहे. मिहानची हवा नव्हती तेव्हा वर्धा रोडला फूट केवढ्याला मिळत होता, हा आकडा दर दिवाळीला कमी होत जातो. आणखी चार दिवाळ्या गेल्या तर तो शेतकरी मामाजींना वरून पैसे देत होता, असं निघेल.

पण गावात त्यांची पत टिकून आहे ती एका प्रकरणामुळे. अवजड उद्योग खातं आमच्याच भागातल्या मंत्र्यांकडे होतं. २०१३ साली साकोलीजवळ मुंडीपारला ‘भेल’च्या कारखान्याचं भूमिपूजन झालं. सौरऊर्जेची सामग्री इथे तयार होणार होती. रातोरात सगळ्यांना अर्थशास्त्र समजायला लागलं. कारखाना म्हणजे कामगार, कामगार म्हणजे खोल्या, खोल्या म्हणजे भाडं. ज्यांनी आयुष्यात कधी कंपास हातात धरला नव्हता, ते बांध्यांत चुन्याच्या रेघा मारायला लागले. मामाजीही गेले. वाकले, माती पाहिली, म्हणाले, “थांबू.” लोक हसले. कारखाना काही उभा राहिला नाही. जमिनी देणारे शेतकरी बसले वाट पाहत, आणि हसणारे मामाजींना नमस्कार करायला लागले. त्या एका न घेतलेल्या प्लॉटचं भाडं मामाजी आजवर खात आहेत. कुणी काही घ्यायचं म्हटलं की म्हणतात, “भेलच्या टायमाले मी का बोललो होतो?”

दुसरी एक गोष्ट मात्र ते सांगत नाहीत. वस्तीबाहेर जायचंच कशाला, राहायचं तर अंबाझरीकडे, जुनी पक्की वस्ती, असं ते वर्षानुवर्षं सांगत होते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला पूर आला आणि त्याच जुन्या पक्क्या वस्त्यांत लोकांच्या घरात पाणी शिरलं. बेस्याच्या पलीकडच्या कुठल्याशा माळावरून कुणीतरी मामाजींना फोन करून विचारलं, “मामाजी, पानी कुठं गेलं?” त्या आठवड्यात ते कोणाला भेटले नाहीत.

पोरानं बेस्याला फ्लॅट घेतला तो बापाला न सांगताच. सांगितलं असतं तर पोराचा पोरगाही रिटायर झाला असता. सत्यनारायणाच्या दिवशी आमंत्रण आलं. मामाजी गेले, प्रसाद घेतला, बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतून उतार तपासला आणि बाहेर येऊन म्हणाले, “घाई केली.” मामीजींनी मात्र रजिस्ट्रीचे कागद वाचून शांतपणे विचारलं, “सुनेच्या नावानं केलं ना? एक टक्का सूट असते.” २०२१ पासून बाईच्या नावानं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, हे मामाजींनीच घरात शेकडो वेळा ऐकवलेलं. एकोडीत परतल्यावर मामाजी लोकांना सांगू लागले, “पोराले मीच पाहून देला.”

यंदाच्या पावसाळ्यात एक नवल झालं. मामाजींची सडकेच्या कडेची बांधी पाहायला गोंदियाकडचे एक निवृत्त गुरुजी आले. पांढरा सदरा, हातात पिशवी. मामाजींनी खुर्ची मांडली, पोहे केले, वर बुंदीचे लाडू ठेवले. साकोली वाढून रायली जी, म्हणाले. रस्ता रुंद होनार, एनए तं झाल्यातच जमा. पाहुणे खाली वाकले, माती चिमटीत घेतली.

“पाणी कुठं जाते?”

“पानी?” मामाजी दुखावल्यासारखे म्हणाले. “इथं पानी थांबतच नाही.”

समोर रोवणी चालू होती. पोटरीभर चिखलात वाकलेल्या बायांपैकी एकीनं पाठ सरळ केली.

“मंग आमी कोरड्यात उभ्या आहो का जी, मामाजी?”