शब्दशः अप्पा

प्रत्येक सोसायटीत पाण्याच्या टाकीकडे बघणारा एक असतो, पार्किंगवरून भांडणारा एक असतो आणि इंग्रजी बघणारा एक असतो. आमच्याकडे हे तिसरं खातं अप्पांचं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसलेले, हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. त्यांचा सिद्धांत एकच: शब्दाच्या घरात मूळ अर्थ तोच मालक, बाकीचे सगळे पोटभाडेकरू. आणि पोटभाडेकरू दिसला की अप्पा नोटीस काढतात.

नातू कशालाही ‘कूल’ म्हणाला की अप्पा पंखा बंद करतात. ‘शर्ट किलर आहे’ म्हणणाऱ्या तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाला त्यांनी ‘कोणाचा खून केला?’ असं भर लिफ्टमध्ये, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता विचारलं होतं.

डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सी भारतात आला. त्या दौऱ्याचं नावच मुळी ‘गोट टूर’. वानखेडेवर सचिन आणि मेस्सी एकत्र येणार म्हणून नातू घरभर नाचत होता.

“आजोबा, मेस्सी गोट आहे, गोट!”

“कुठल्या जातीचा? उस्मानाबादी की संगमनेरी?”

“अहो, ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम! पहिली अक्षरं घेतलीत.”

“मग मधली टिंबं कुठायत? टिंबं नाहीत म्हणजे शेळी.”

स्वयंपाकघरातून आजींचा आवाज आला, “कोणाचे गोट? माझे लॉकरमध्ये आहेत हं!”

झालं. अप्पांनी मोल्सवर्थ काढला, १८५७ च्या आवृत्तीचं पुनर्मुद्रण. गोट म्हणजे मनगटातला दागिना, गोट म्हणजे छावणी, गोट म्हणजे कापडाची किनार. तिन्ही अर्थ मोठ्याने वाचून झाल्यावर त्यांनी तडजोडीचा प्रस्ताव ठेवला. “मेस्सी सध्या मायामीच्या गोटात आहे, एवढं म्हणायला माझी हरकत नाही.”

अप्पा अडाणी असते तर सोपं होतं. हसून सोडून दिलं असतं. पण हा माणूस शत्रूचा पूर्ण अभ्यास करून येतो. दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये मला गाठून त्यांनी गोटाची कुंडलीच मांडली. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये गोट म्हणजे ज्याच्यामुळे सामना गेला तो. ‘स्केपगोट’चं ते शेपूट तोडलेलं, नव्हे, डोकं तोडलेलं रूप. आणि स्केपगोट हा शब्द विल्यम टिंडेलने १५३० साली बायबलचं भाषांतर करताना घडवला. “त्याला मराठीत बळीचा बकरा म्हणतात ते साफ चूक,” अप्पा म्हणाले. “तिथं बकरे दोन असतात. एकाचा बळी देतात. दुसऱ्याच्या डोक्यावर सगळ्यांची पापं ठेवून त्याला रानात सोडतात. स्केपगोट तो दुसरा. म्हणजे सुटलेला!”

माझी गाडी चालू होती, पेट्रोल जळत होतं. अप्पा पुढे गेले. मुहम्मद अली स्वतःला सर्वश्रेष्ठ म्हणवायचा. १९९२ मध्ये त्याच्या पत्नीने, लॉनी अलीने, याच आद्याक्षरांची कंपनी काढली. २००० साली एलएल कूल जे या रॅपरने त्याच नावाचा अल्बम आणला. (‘कूल’ उच्चारताना अप्पांनी मफलर सावरला.) “म्हणजे ज्याच्या माथी पराभव मारायचा, तोच आता देव! पोटभाडेकरू मालक झाला की हो!”

नातू कुठूनतरी ऐकत होता. “आजोबा, २०१८ मध्ये मेरियम-वेब्स्टर डिक्शनरीत आलाय हा अर्थ.”

अप्पा क्षणभर थांबले. “अमेरिकन कोश आहे तो,” म्हणाले आणि जिना चढू लागले. वर जाताना, “गाढवा, चप्पल घाल पायात!” एवढं नातवाला सुनावलं. त्या पोराचे कान त्यांना कधी लांब दिसले नाहीत, त्याला त्यांनी कधी उकिरड्यावर शोधलं नाही. मराठीतल्या पोटभाडेकरूंना अप्पांच्या घरात पागडी नाही, भाडं नाही. नोटीस फक्त इंग्रजांना.

खरा घोळ पुढे झाला. सेक्रेटरींच्या वाढदिवसाला पोरांनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, ‘काका, यू आर द गोट!’ खाली अप्पांची पृच्छा: ‘पोटनियमांनुसार इमारतीत शेळी ठेवता येते काय? कृपया खुलासा व्हावा.’ सेक्रेटरी बिचारे घाबरले. लिफ्ट महिनाभर बंद होती, त्यामुळे ही स्तुती की टोमणा हे त्यांना कळेना. ते विचारायला अप्पांकडेच गेले. अप्पांनी दोन्ही अर्थ सनावळीसह समजावले आणि वर म्हणाले, “लिफ्टचा विचार करता बेसबॉलवाला अर्थ जास्त जवळचा वाटतो.” तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद आहे.

आता पोरांच्या तोंडी ‘सिक’ आलाय. सिक म्हणजे झकास. तुमच्या इमारतीत असे अप्पा असतील, आणि असणारच, तर त्यांच्या घरी जेवताना पुरणपोळीला चुकूनही सिक म्हणू नका. ताट उचलून नेतील आणि साबुदाण्याची पेज आणून ठेवतील.