सहज विचारलं

हर्सूलला राहतो असं सांगितलं, की या शहरातला माणूस क्षणभर गप्प होतो. मध्यवर्ती कारागृह आमच्याच भागात, त्यामुळे ‘हर्सूलला जाशील एक दिवस’ ही इथली धमकी. मी रोज संध्याकाळी जातो, भाजी घेऊन. पण समोरच्यानं मनात जे जुळवलं ते खोडता येत नाही, कारण तो काही बोललेलाच नसतो.

एरवी खोडण्यात माझा हातखंडा! कॉलेजात वादविवादाच्या ढाली जिंकल्यात मी. पाहुण्याची पाठ त्या ढालींकडे होईल अशी खुर्ची आमच्या घरात नाही. तेव्हा टँकरच्या वर्गणीच्या बैठकीत मी तयारीनिशी उभा राहिलो. वर्गणी घरटी नको, माणशी हवी. (आमच्या घरी माणसं दोन, हा निव्वळ योगायोग.) तीन उपपत्ती मांडून खाली बसतो न बसतो, तोच शेजारच्या काकू म्हणाल्या, “सर, तुमच्या गच्चीवर दोन टाक्या हायेत ना? सहज विचारलं.”

ठराव घरटीचा झाला. माझा मुद्दा आजही बिनतोड आहे.

ऐकणाऱ्याला ठाऊक असलेलं विधान तो स्वतःच भरून घेतो, ते बोलायची गरज नसते, हे ॲरिस्टॉटलनं लिहून ठेवलंय. काकूंनी ते वाचलेलं नाही, हे जास्त लागलं. पण माझा लाडका मम्मट. अकराव्या शतकातला हा काश्मिरी पंडित ‘काव्यप्रकाशा’त एक साधं वाक्य घेतो: सूर्य मावळला. सैन्यानं ऐकलं तर शत्रूवर तुटून पडा, प्रेयसीनं ऐकलं तर निघ आता, मजुरानं ऐकलं तर काम थांबवा, गुराख्यानं ऐकलं तर गुरं आत घ्या, दुकानदारानं ऐकलं तर माल आवरा. त्याला आमच्या गल्लीत आणला असता तर ‘पाणी आलं’ यावर त्यानं आणखी एक उल्लास, म्हणजे प्रकरण, लिहिला असता. सुनेनं ऐकलं तर मोटर लावा, सासूनं ऐकलं तर गोधड्या काढा, नोकरदारानं ऐकलं तर अर्धी रजा टाका, आणि वरच्या मजल्यावर ऐकू गेलं तर खालच्यांनो, तुमचं पुरे झालं!

चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरनं नहरी काढून, खापराच्या नळांतून या शहरात पाणी खेळवलं. आज जायकवाडीसारखं धरण आहे, हर्सूलचा तलाव तर आमच्या उशालाच, आणि नळाची वाट दिवसचे दिवस बघायची. चीड येते ती याची, की पाण्यासारखी गोष्टसुद्धा माणसं आता आडून मागायला शिकलीत.

तळमजल्यावरच्या मावशींनी तर कधीच मागितलं नाही. परवा म्हणाल्या, “सर, तुमच्या मोटरचा आवाज लई कमी हाय हो.” मी मोटरची कंपनी, वॉरंटी सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. शेवटी मी गच्चीवरून पाइप खाली सोडला.

“कशाला उगीच,” म्हणत मावशींनी हंडा पाइपाखाली सरकवला.