अस्सल आप्पा

आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत आप्पांसमोर 'असं म्हणतात' म्हणायची सोय नाही. "कोण म्हंतंय? कवा म्हणालं? त्यो तवा तितं हजर हुता का?" तीन प्रश्न एका दमात.

निवृत्त झाल्यावर माणसं रंकाळ्यावर फिरायला लागतात. आप्पा मोडी शिकले. मग पुराभिलेखागारात जुन्या कागदांचे रुमाल सोडून बसू लागले. खिशात पेन नाही, पेन्सिल. "शाईचा ठिपका पडला, तर शंभर वर्सांनी कोनतरी त्येला अनुस्वार म्हनंल!"

एकदा मला एका मोडी पत्राची झेरॉक्स वाचायला दिली. शब्द तोडलेले नाहीत, अख्खी ओळ एका दमात पळतेय. त्यात 'छ' आला आणि मी अडलो. "छ म्हंजे चंद्र. फुडं मुसलमानी महिन्याची तारीख. सायबाचं कॅलेंडर यायच्या आदी आपली पत्रं अशीच चालायची." मग जंत्री निघाली, बोटं मोजली गेली, इंग्रजी तारीख सापडली. तोवर काकींनी रस्सा दोनदा गरम केला होता.

घरातही हाच कायदा. "माझ्या मामानं लग्नात चांगला आहेर केलावता," काकी म्हणाल्या, की आहेराची वही बाहेर. "रुपये अकरा. सवताच्या अक्षरात." काकी भडकतात, "मी काय खोटं बोलतो व्हय?"

मागं मी हौसेनं कोल्हापूरच्या राजाराम महाराजांचा विषय काढला. महाराज १८७० साली विलायतेला गेले, व्हिक्टोरिया राणीला भेटले आणि परतताना ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. त्यांची इंग्रजी रोजनिशी १८७२ साली लंडनला छापली गेली. "आप्पा, खुद्द राजाची डायरी! याहून अस्सल काय पाहिजे?"

आप्पांनी चहाची बशी खाली ठेवली. "डायरी राजाची, व्हय. छापली कुनी? कॅप्टन वेस्टनं. सरकारचा मानूस, प्रवासात संगं असल्याला. आता एकादी गोष्ट त्यात न्हाई; म्हंजे ती घडली न्हाई, का राजानं लिवली न्हाई, का सायबानं छापली न्हाई?"

"म्हणजे साहेबानं कात्री लावली!" मी उडालो.

"पुरावा हाय?"

मी चहा संपवला.

परवा १ जूनला गल्लीतली पोरं पेढे घेऊन आप्पांकडं गेली. पंचाहत्तरी! आप्पा खो-खो हसले. आतून शाळेचा दाखला आणला. "बगा. अस्सल कागद. सही, शिक्का, समदं हाय. आनि धडधडीत खोटा! नाव घालताना मास्तरानं ठोकून दिल्याली तारीख. निम्म्या पेठंचा वाढदिवस आज हाय. आई म्हनायची, टेंबलाईवर कोहळा फुटला त्या दिशी तू झालास."

कोहळा फुटतो तो दिवस ललिता पंचमीचा, म्हणजे ऐन नवरात्र. कुठं जून!

मला आयती संधी मिळाली. "पण आप्पा, आईच्या बोलण्याला कागद कुठाय?"

आप्पांनी चष्मा काढला, पुसला. "कागद कशाला? ती तवा हजर हुती की!"

यंदापासून आप्पांचे पेढे ललिता पंचमीला द्यायचे ठरले आहे. १ जूनचे त्यांनी परत केलेले नाहीत.