खटला गोमामध्ये भरवा

खुनाचा आरोप असलेले दोन परदेशी नौसैनिक दिल्लीच्या चाणक्यपुरीत, इटलीच्या दूतावासात मुक्कामाला होते. दिल्ली ते विसरून गेली. विसरायला नको होते. परक्या सैनिकाने आपला माणूस मारला की आपण काय मागतो, हे त्या प्रकरणात स्पष्ट दिसले. आपला सैनिक परमुलखात चुकला की आपण काय देतो, हे इथून सत्तर किलोमीटरवरच्या मेरठमध्ये दिसले. ही दोन प्रकरणे मी आज शेजारी शेजारी ठेवणार आहे.

आधी चाणक्यपुरी. 15 फेब्रुवारी 2012 रोजी केरळच्या किनाऱ्यापासून सुमारे साडेवीस सागरी मैलांवर ‘सेंट अँटनी’ ही मासेमारीची बोट होती. जवळून ‘एनरिका लेक्सी’ हे इटलीचे तेलवाहू जहाज चालले होते. चाच्यांपासून रक्षण करण्यासाठी त्यावर इटलीच्या नौदलाचे सैनिक नेमलेले होते. त्यांनी गोळ्या झाडल्या आणि आपले दोन मच्छीमार मारले गेले. जहाज कोचीला आणले गेले, दोन नौसैनिकांना अटक झाली. इटली म्हणाली, आमचे सैनिक सरकारी कामावर होते, त्यांचा न्याय आम्ही करू. भारत म्हणाला, मेलेली माणसे आमची आहेत, खटला इथेच चालेल. भारताचे बरोबर होते. आजही मला ते बरोबरच वाटते.

पुढचा अंक दिल्लीत झाला. जानेवारी 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा खटला केरळच्या हातून काढून केंद्राकडे सोपवला. फेब्रुवारीत त्याच न्यायालयाने दोघांना मतदानासाठी चार आठवडे मायदेशी जाऊ दिले. राजदूत दानिएले मान्चिनी यांनी ते परत येतील असे प्रतिज्ञापत्र दिले होते. 11 मार्चला इटलीने कळवले की ते परतणार नाहीत. न्यायालयाने राजदूतालाच देश सोडायला मनाई केली. राजदूताला कोर्टाने अडवून ठेवणे ही मुत्सद्देगिरीच्या जगात अनर्थाची गोष्ट मानतात. आपण तो अनर्थ पत्करला. 22 मार्चला दोघे परत आले आणि त्यांना परत पाठवल्याच्या निषेधार्थ इटलीचे परराष्ट्रमंत्री जुलिओ तेर्झी यांनी राजीनामा दिला.

दोन मच्छीमारांच्या मृत्यूने दोन देशांचे व्यवहार किती वर्षे अडवले, ते पाहा. क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण गटात भारताला प्रवेश हवा होता. ऑक्टोबर 2015 मध्ये तो इटलीच्या आक्षेपामुळे अडला. मे 2016 मध्ये दुसरा नौसैनिकही मायदेशी गेला आणि जूनच्या अखेरीस भारत त्या गटात दाखल झाला. हा निव्वळ योगायोग होता असे मला वाटत नाही. शेवटी हेगच्या लवादाने 2020 मध्ये सांगितले की, या सैनिकांना सरकारी कर्तव्याचे संरक्षण आहे, भारताने फौजदारी खटला थांबवावा आणि इटलीने भरपाई द्यावी. 10 कोटी रुपये ठरले. दोन्ही कुटुंबांना चार-चार कोटी, बोटमालकाला दोन कोटी. 15 जून 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण बंद केले. बोटीवर आणखी नऊ जण होते. त्यांच्या वाट्याला प्रत्येकी पाच लाख यायला 2022 उजाडले, आणि तेही बोटमालकाच्या दोन कोटींतून. त्याच वर्षाच्या जानेवारीत रोमच्या न्यायाधीशाने तिथलेही प्रकरण बंद केले होते.

म्हणजे गोळ्या कोणी, का आणि कशा झाडल्या याचा पूर्ण खटला ना इथे झाला ना तिथे. पैसे मिळाले, निकाल मिळाला नाही. भारतात याची चीड आली आणि ती रास्त होती.

आता मेरठ. काँगोच्या उत्तर किवू प्रांतात संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारताची मोठी फौज होती. गोमा हे तिथले मुख्य शहर. 2008 मध्ये तिथल्या भारतीय सैनिकांवर लैंगिक शोषणाचे आरोप झाले. ज्यांच्या चेहऱ्यावर भारतीय छाप दिसते अशी मुले तिथे जन्मल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या तपासनिसांनी कळवले. लष्कराने मेरठमध्ये कोर्ट ऑफ इन्क्वायरी नेमली ती 2011 मध्ये. 6 शीख बटालियनचे 12 अधिकारी आणि 39 जवान चौकशीच्या कक्षेत होते. डीएनए चाचण्या झाल्या. एका जवानाचा नमुना एका काँगोली मुलाशी जुळला. त्या जवानावर दोष ठेवला गेला, तुकडीवर नियंत्रण न ठेवल्याबद्दल वरिष्ठांवरही ठपका आला, आणि एकूण चौघांवर शिस्तभंगाच्या कारवाईची वाट मोकळी झाली.

इतर अनेक देशांच्या फौजांनी एवढेही केले नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. 2007 मध्ये हैतीतून श्रीलंकेचे शंभराहून अधिक सैनिक याच कारणासाठी परत पाठवले गेले आणि तुरुंगात कोणीही गेले नाही. आपल्या लष्कराने डीएनएपर्यंत जाऊन चौकशी केली. पण गुन्हा गोमात आणि चौकशी मेरठला, हे कसे चालेल? ज्या बायकांवर अन्याय झाला त्या उत्तर किवूत. चौकशी हजारो किलोमीटर दूर, एका छावणीच्या बंद दाराआड. लष्कराच्या नियमांप्रमाणे कोर्ट ऑफ इन्क्वायरीचे कामकाज गोपनीय असते आणि ते पुढे पुरावा म्हणूनही धरले जात नाही. केरळच्या मच्छीमाराच्या विधवेने रोमला जाऊन न्याय मागावा, असे कोणी म्हटले असते तर आपण त्याला काय उत्तर दिले असते? गोमाच्या बाईने मेरठवर विश्वास का ठेवावा?

यावर ठरलेले उत्तर येते. काँगोची न्यायव्यवस्था मोडकळीला आलेली आहे, तिच्या हाती आमचा जवान कसा द्यायचा? देऊ नका. मीही तसे म्हणत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या करारांप्रमाणे शांतिसैनिकावर खटला चालवण्याचा अधिकार त्याच्या देशाचाच असतो. तो अधिकार ठेवा आणि तिथे जाऊन वापरा. भारतीय न्यायाधीश, भारतीय कायदा, भारतीय कोर्ट मार्शल, पण भरवायचे गोमामध्ये, पीडितेसमोर, तिच्या भाषेच्या दुभाष्यासह, गावकऱ्यांना आणि तिथल्या वार्ताहरांना बसायला जागा ठेवून. 2005 मध्ये जॉर्डनचे राजपुत्र झैद यांनी संयुक्त राष्ट्रांसाठी लिहिलेल्या अहवालात नेमकी हीच शिफारस होती. आपल्याला त्यासाठी नवा कायदाही करावा लागत नाही. 1950 च्या आर्मी अ‍ॅक्टचे कलम 70 उघडा. नागरिकाचा खून किंवा बलात्कार असेल तर देशात एरवी कोर्ट मार्शल चालवता येत नाही, पण गुन्हा भारताबाहेर घडलेला असेल तर चालवता येते. अधिकार 75 वर्षांपासून हातात आहे.

खटला कुठे चालला याने किती फरक पडतो, हे अमेरिकेने दोनदा अनुभवले. 1957 मध्ये जपानमध्ये गोळीबाराच्या सरावाच्या मैदानावर रिकामी काडतुसे वेचणारी एक बाई अमेरिकी सैनिकाच्या हातून मेली. अमेरिकेत प्रचंड ओरड झाली, प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तरी सैनिकाला जपानी न्यायालयाच्या हवाली केले गेले. माएबाशीच्या न्यायालयाने त्याला तीन वर्षांची, तीही स्थगित शिक्षा दिली. शिक्षा फारच सौम्य होती. तरी जपानी लोकांनी आपल्या न्यायाधीशाला आपल्या डोळ्यांदेखत निकाल देताना पाहिले आणि त्या प्रकरणाचा भडका शमला. उलट 2002 मध्ये दक्षिण कोरियात दोन शाळकरी मुली अमेरिकेच्या चिलखती गाडीखाली चिरडल्या गेल्या. अमेरिकेने खटला आपल्या तळावर, आपल्या लष्करी न्यायालयात चालवला. चालक आणि कमांडर दोघेही सुटले. सोलमध्ये हजारो लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आले, आणि त्या लाटेत रो मू-ह्यून राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. दोन्ही प्रकरणांत शिक्षा जवळजवळ शून्य होती. एकात लोक शांत झाले, दुसऱ्यात देशाचे राजकारण फिरले.

आपणही एके काळी यजमान होतो, मर्जीविरुद्ध. 1942 मध्ये नवी दिल्लीत अमेरिकी लष्कराचे मुख्यालय आले तेव्हा व्हाइसरॉयच्या सरकारने वटहुकूम काढला. अमेरिकी सैनिकाने इथे गुन्हा केला तर त्याचा न्याय अमेरिकी लष्करी न्यायालय करील, इथली न्यायालये नाहीत. ‘भारत छोडो’चे ते वर्ष होते. आपले नेते तुरुंगात होते आणि आपल्याला कोणी विचारले नव्हते. आज उत्तर किवूतल्या लोकांनाही कोणी विचारलेले नाही.

मराठी वाचकाला हे सगळे परके वाटू नये. दिल्लीतच चित्तरंजन पार्कात जा आणि एखाद्या बंगाली आजीला विचारा. लेकराला झोपवताना बर्गी आले म्हणून भीती घालणारे पाळणागीत तिला पाठ असेल. बर्गी म्हणजे आपण. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा, भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली आणि त्यांच्या मागाहूनही, 1741 पासून 1751 पर्यंत बंगालवर वारंवार चालून गेल्या. कलकत्त्याच्या लोकांनी भीतीने 1742 मध्ये शहराभोवती खंदक खणायला घेतला. त्याला मराठा खंदक म्हणत. चौथाई मिळाली, ओडिशा मिळाला, आणि बंगालच्या घरोघरी आपले नाव लेकरांना घाबरवायला वापरले गेले. आपण अटकेपार झेंडे लावल्याचे अभिमानाने सांगतो. तेवढ्याच मोकळेपणाने बर्गींचेही सांगितले पाहिजे.

आणि याच मराठ्यांच्या शिवाजी महाराजांनी 1673 मध्ये चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदारांना लिहिलेले पत्र आपल्याकडे आहे. दाणा-वैरण जपून वापरा, संपली की तुम्ही रयतेच्या घरात घुसाल, कोणी धान्य आणेल, कोणी गवत, कोणी भाजी. मग लोक म्हणतील, याहून मोगल बरे. त्या पत्राचा मथितार्थ हा असा. तिथे छावणी आपल्याच मुलखात होती, तरी राजाने हे लिहिले. परक्या मुलखात छावणी असेल तर हे दहापट लागू. सैन्य कितीही चांगल्या हेतूने आले असले तरी रयतेला रोज दिसतो तो एकेक शिपाई आणि त्याचे वागणे.

कोणी म्हणेल, चार-दोघांच्या कर्मासाठी शांतिसेनेत गेलेल्या अडीच लाखांहून अधिक भारतीयांवर डाग लावता? डाग मी लावत नाही. उलट मी त्यांच्यासाठीच भांडतो आहे. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया 1961 मध्ये याच काँगोत लढताना पडले आणि त्यांना परमवीरचक्र मिळाले. मेजर राधिका सेन यांनी याच उत्तर किवूत गावोगाव बायकांना आणि मुलींना बोलते केले. 2024 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांचा गौरव केला. जुलै 2022 मध्ये बुटेम्बोत शांतिसेनेविरुद्ध जमाव उसळला, त्यात सीमा सुरक्षा दलाचे आपले दोन जवान मारले गेले. तिथल्या लोकांचा राग मुख्यतः यासाठी होता की, एवढी वर्षे राहूनही शांतिसेना त्यांचे रक्षण करू शकली नाही. पण जिथे विश्वास आधीच विरला आहे, तिथे प्रत्येक जुना, न मिटलेला गुन्हा पुढच्या गस्तीवरच्या निरपराध जवानाच्या डोक्यावर येतो. त्याला दगड मारणारा माणूस रेजिमेंट विचारत नाही.

ऑक्टोबर 2025 मध्ये शांतिसेनेला सैन्य देणाऱ्या देशांच्या लष्करप्रमुखांची परिषद दिल्लीत भरली. शांतिसैनिकांना तयार करणारे आपल्या लष्कराचे केंद्र 2000 पासून याच शहरात आहे आणि जगभरचे अधिकारी तिथे शिकायला येतात. म्हणजे नवा पायंडा पाडायचा तर तो भारतानेच पाडावा, दिल्लीतूनच पाडावा. परदेशी नेमणुकीवरच्या गंभीर गुन्ह्याचे कोर्ट मार्शल गुन्ह्याच्या जागी होईल, निकाल प्रसिद्ध होईल, आणि ज्या मुलाचा बाप भारतीय सैनिक असल्याचे सिद्ध होईल त्याच्या पोटगीची हमी सरकार घेईल, अशी घोषणा संरक्षणमंत्री संसदेत उभे राहून एका मिनिटात करू शकतात.

आणि एखाद्या खासदाराने पुढच्या अधिवेशनात एक तारांकित प्रश्न लावावा. मेरठच्या चौकशीत ज्याचा डीएनए जुळला ते मूल आता अठराच्या आसपास असेल. त्याला आणि त्याच्या आईला भारत सरकारने आजवर किती रुपये दिले, कोणत्या तारखांना दिले? उत्तर सभागृहाच्या पटलावर ठेवा. इटलीकडून आपण पै न पै मोजून घेतली होती.