पाळकबाईंची परीक्षा

अहो, ऐकलंत का? जरा अलीकडे या, त्यांच्या खिडकीत ऐकू जाईल... आपल्या पाळकबाई पुन्हा शिकायला लागल्यात! बिब्लिकल काउन्सेलिंग हो, बायबलच्या आधारानं समुपदेशन. ती अमेरिकेतली एसीबीसी संस्था नाही का, 1976 पासूनची, तिचं सर्टिफिकेट घेतायत. रात्री जेवणं उरकली की लॅपटॉप उघडून बसतात.

महिला मंडळात सेक्रेटरीबाई काय म्हणाल्या माहितेय? "डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायला परीक्षा कशाला लागते?" आम्ही हसलो. पाळकबाईंनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. 30 तास वर्ग, 10 तास नुसतं बसून दुसऱ्याचं समुपदेशन बघायचं, 1000 पानं वाचायची. मग दोन पेपर, एक थिऑलॉजीचा, एक समुपदेशनाचा. वर 50 तास खऱ्या माणसांशी बोलायचं, तेही मुरलेल्या समुपदेशकाच्या नजरेखाली! सेक्रेटरीबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला...

त्यांचा जावई मानसोपचाराचा डॉक्टर ना. तो म्हणाला, "हे बिब्लिकल काउन्सेलिंग म्हणजे त्या जे ॲडम्सचं खूळ. 1970 मध्ये पुस्तक लिहून आमच्या अख्ख्या शास्त्रावर तुटून पडला तो." तर पाळकबाई शांतपणे म्हणतात, "शरीराच्या दुखण्याला डॉक्टरकडेच पाठवा, असं ॲडम्सही सांगत. तुमच्या गोळ्या मी कुणाच्या बंद करणार नाही." जावईबापूंचा चहा निवून गेला हो!

तर काय सांगत होते... हां, खरी गंमत पुढेच. धाकट्या जाऊबाईंनी विचारलं, "आम्ही सांगितलेलं पोटात राहील ना?" पाळकबाई म्हणाल्या, "कधीच कुणाला सांगणार नाही, असं वचन आम्ही देत नाही. जिवाला धोका असला, पापाला कुणी चिकटूनच बसलं, तर वडीलजनांना सांगावं लागतं." अय्या! सेक्रेटरीबाईंची कळी खुलली. "म्हणजे मत्तय 18! शेवटी मंडळीला कळवायचंच की!"

"ती शेवटची पायरी," पाळकबाई म्हणाल्या. "पहिली, त्या माणसाकडे एकटं जाऊन बोलायचं. मग एकदोघांना घेऊन. तुमच्यातल्या किती जणी पहिल्या पायरीवरून गेल्यात?"

तोंडं बघायला हवी होती! कुणी बांगड्या फिरवतंय, कुणी गीतपुस्तक चाळतंय. मी आपली पंख्याकडे बघत होते.

आता बाई कसल्या बदलल्यात म्हणून सांगू. पूर्वी वाक्य संपायच्या आत वचन हातात ठेवायच्या. आता दोन-दोन मिनिटं ऐकून घेतात, मग विचारतात, "तेव्हा तुम्ही काय केलंत?" आणि बाहेर चकार शब्द नाही. आपल्यासारख्यांनी करायचं काय? पण काल संध्याकाळी त्यांच्या व्हरांड्यात एक चपलांचा जोड होता, सोनेरी पट्ट्यांचा, डावीचा अंगठा तुटलेला...

सेक्रेटरीबाईंच्या आहेत, असं मी म्हटलेलं नाही हं!