भाऊ हाफ निवडून राहिले

“काय भाऊ, झालं का पक्कं?”

“होऊन राहिलं.”

सिव्हिल लाइन्सच्या वॉकर स्ट्रीटवर रविवारी पहाटे साडेपाचला हा संवाद ऐकू येतो. गेली तीन वर्षं येतो आहे. नवख्या माणसाला वाटतं, पोरीचं लग्न जमत असावं किंवा बेसा रोडवरच्या प्लॉटचा सौदा चालू असावा. तसं काही नाही. भाऊंना वसंतात फुल मॅरेथॉन धावायची आहे, तिच्या तयारीसाठी आधी एक हाफ धावायची आहे, आणि ती हाफ कोणती, एवढंच ठरायचं बाकी आहे.

भाऊ हे कुणा एकाचं नाव समजू नये. धरमपेठेत आहेत, त्रिमूर्तीनगरात आहेत, मनीषनगरात तर एकेका अपार्टमेंटमध्ये दोन-दोन आहेत. वय सेहेचाळीस ते चोपन्न. पेशाने सीए, भूलतज्ज्ञ किंवा पाटबंधारे खात्यातले कार्यकारी अभियंता. धावायला लागण्याचं कारण बहुतेकांचं एकच, आणि ते लॅबच्या पाकिटात घरी आलेलं असतं. पहिल्या वर्षी फुटाळ्याला अर्धी चक्कर, दुसऱ्या वर्षी दहा किलोमीटर, तिसऱ्या वर्षी मनगटावर पोह्याच्या बशीएवढं घड्याळ. त्यानंतर भाऊ किती धावले हे भाऊ सांगत नाहीत, घड्याळ सांगतं. घड्याळ चार्ज करायचं राहिलं तर भाऊ त्या दिवशी धावतच नाहीत. नोंद नाही तर पाय कशाला झिजवायचे?

अंगातला टी-शर्ट कुठल्या तरी शर्यतीचा असतो. त्याच टी-शर्टात ते गोकुळपेठेच्या बाजारात भाजी घेतात, सत्यनारायणाला जातात आणि बँकेत केवायसी करून येतात. घरात असे एकोणीस टी-शर्ट जमले, तेव्हा वहिनींनी त्यातल्या दोनांची पुसणी केली. तेव्हापासून भाऊ फरशीकडे बघत नाहीत.

आता मूळ मुद्दा. फुल मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. हा विचित्र आकडा १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधून आला. शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून स्टेडियमपर्यंत न्यायची होती, म्हणून अंतर तेवढं भरलं, आणि १९२१ मध्ये तेच कायम झालं. हाफ त्याच्या निम्मी, २१.०९७५. जाणकार सांगतात, फुलच्या आधी तीन ते सहा आठवडे एक हाफ धावून घ्यावी. बूट चावतात का, जेल पोटाला मानवतं का, गर्दीत सुरुवातीलाच उधळायची सवय सुटली का, हे सगळं तिथे कळतं. घटक चाचणीच म्हणा. शाळेत घटक चाचणीची तारीख मास्तर ठरवायचे. इथे ती भाऊंनीच ठरवायची आहे, हीच खरी पंचाईत.

पहिला वसंत लंडनचा होता. मुलगी तिकडे नोकरीला, तेव्हा राहण्याची सोय आणि मॅरेथॉन एप्रिल अखेरची. लंडनला जागा सोडतीने मिळते. २०२६ च्या शर्यतीसाठी अकरा लाख तेहेतीस हजारांहून जास्त लोकांनी अर्ज केले होते, त्यात भाऊंचा एक. नंबर लागेल की नाही याचा घोर त्यांनी घेतला नाही. नंबर लागला तर आधीची हाफ कोणती, याचा घेतला. एप्रिल अखेरीच्या चार-पाच आठवडे आधी म्हणजे मार्चचा तिसरा-चौथा आठवडा. कागदावर सोपं वाटलं.

पण मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात नागपुरात वसंत कुठे असतो? पळस फुलतो, हे खरं. पण त्याच आठवड्यात माळ्यावरून कूलर खाली येतो, त्याची खस बदलली जाते, आणि महिनाअखेरीला पारा चाळिशीला टेकतो. लंडनला एप्रिलमध्ये दुपारी पंधरा अंशांच्या आसपास असतं. ज्या गावाने २३ मे २०१३ ला ४७.९ अंश पाहिलेत आणि २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ सुद्धा, त्या गावातल्या माणसाने कोणत्या हवेचा सराव करावा? भाऊंनी यावर उपाय काढला: पहाटे चारला उठायचं. पहिल्या दिवशी ते उठले. धरमपेठेतली चार कुत्रीही उठली. त्या दिवशीचा पेस भाऊंच्या आयुष्यातला सर्वोत्तम आहे आणि घड्याळात त्याची नोंद आहे.

आणि दुसरी, जास्त खोल अडचण. आपल्याकडच्या मोठ्या शर्यतींचं कॅलेंडर हवामान पाहून बसलेलं आहे. हैदराबाद ऑगस्टमध्ये, सातारा सप्टेंबरात, दिल्लीची हाफ ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमाराला, पुणे आणि वसई-विरार डिसेंबरात, मुंबई जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, आणि दिल्लीची फुल फेब्रुवारी अखेर. मग पडदा. वसंतातल्या फुलसाठी हाफ हवी मार्चमध्ये, आणि मार्चमध्ये आपले नावाजलेले आयोजक तंबू आवरून बसलेले. भाऊंनी हे कॅलेंडर प्रिंट काढून, पिवळ्या हायलायटरने रंगवून, कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलं आहे. वहिनींच्या पैठण्यांना ते रोज दिसतं.

पावसाळ्यात लंडनहून दिलगिरीचा मेल आला. भाऊंच्या चेहऱ्यावर त्या रविवारी दुःख नव्हतं, उलट जबाबदारी उतरल्यासारखं काहीतरी होतं.

मधल्या काळात भाऊ हाफ धावलेच नाहीत असं नाही. एक धावले, साताऱ्याची. ही शर्यत २०१२ पासून होते. शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कास रस्त्याने पुढे जाऊन परत खाली उतरायचं. गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस नागपूरहून थेट साताऱ्याला नेऊन सोडते, जवळजवळ दिवस-रात्र खर्चून. भाऊ त्या प्रवासात टेपरिंग करत होते. टेपरिंग म्हणजे शर्यतीआधी धावणं कमी करणं. महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये ते आपोआप होतं. नागपूरकराला चढाव म्हटला की सेमिनरी हिल्स, आणि तिथला चढ हृदयाने मनावर घ्यायच्या आत संपतो. यवतेश्वरने तसं केलं नाही. भाऊ घाट अर्धा धावले, अर्धा चालले, उतरताना गुडघे धरून उतरले आणि कंदी पेढे घेऊन परत आले. मेडल दिवाणखान्यात आहे. टायमिंग विचारलं की ते पेढ्यांचं सांगतात.

हे टायमिंग प्रकरण दिसतं तेवढं साधं नाही. मुंबईच्या फुल मॅरेथॉनला अर्ज करायचा तर आधीच्या शर्यतीचं टायमिंग सर्टिफिकेट लागतं. भाऊंनी त्याला ‘दाखला’ हा शब्द रूढ केला आहे. जन्माचा दाखला, रहिवासाचा दाखला, एकवीस किलोमीटरचा दाखला. तिन्ही एकाच फाइलमध्ये, लॅमिनेट केलेले.

ग्रुपमध्ये एक पोट्टा आहे, व्हीएनआयटीचा. त्यानेच एका रविवारी भाऊंना पीट रीगलचं सूत्र सांगितलं आणि पुढच्या सहा रविवारांची वाट लावली. रीगल हे अमेरिकन इंजिनिअर. त्यांनी १९७७ मध्ये धावपटूंच्या मासिकात मांडलं की अंतर वाढलं की वेळ किती वाढेल, हे १.०६ या घातांकाने काढता येतं. अंतर दुप्पट झालं तर वेळ दुप्पट होत नाही, साधारण २.०८५ पट होते. म्हणजे हाफ दोन तास दहा मिनिटांत, तर फुल चार तास एकतीस मिनिटांत. भाऊंनी हा हिशेब तर्री पोह्याच्या बशीखालच्या कागदावर तिथल्या तिथे केला. कागदावर तर्री सांडली, एकतीसचे एक्कावन्न दिसू लागले, आणि भाऊ दिवसभर खचलेले होते.

मग त्यांना सूत्राच्या मर्यादा सापडू लागल्या. हाफ मुंबईत केली तर दमटपणाचं काय? हाफमध्ये पेडर रोडचा चढ आहे आणि फुल दिल्लीत सपाटीवर आहे, मग गुणक बदलायला नको का? साताऱ्याचं टायमिंग घातलं तर फुलचा आकडा असा येतो, की तोवर आयोजकांनी कमानसुद्धा उतरवलेली असेल. पोट्टा म्हणाला, “काका, सूत्र सपाट रस्त्याचं आहे.” भाऊ म्हणाले, “मग माणसाचं काढा ना एखादं.”

निवड करण्याच्या या कलेचा इतिहासात आधार शोधावा तर निराशाच होते. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. त्या वर्षीची मॅरेथॉन आजच्याहून लांब, ४२.७५ किलोमीटरची होती. चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. त्याच्या आदल्या वर्षी पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांमध्ये अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरं दोराबजी टाटांनी पाहिली, आणि भारताचा संघ पाठवण्याची कल्पना तिथून पुढे सरकली. अनवाणी धावणाऱ्याला बुटाचा प्रश्न नाही, आणि ज्याला बुटाचा प्रश्न नाही त्याचे निम्मे रविवार मोकळे. आपल्या काळातलं उदाहरण बीड जिल्ह्यातल्या अविनाश साबळेचं. हा गडी मुळात अडथळ्यांच्या शर्यतीचा. २९ नोव्हेंबर २०२० ला दिल्लीत हाफ धावला आणि एक तास तीस सेकंदांत राष्ट्रीय विक्रम करून मोकळा झाला. भाऊंना हे सांगितलं तर ते विचारतात, “पण ती त्याची ट्यून-अप होती की मेन?”

दुसरा वसंत भाऊंनी जवळ आणला: दिल्ली, फेब्रुवारी अखेर. शिशिर की वसंत यावर पोह्यांच्या टपरीवर वाद झाला. वसंत पंचमी होऊन गेलेली असते, या मुद्द्यावर भाऊ जिंकले. आणि इथे एक भयंकर गोष्ट घडली. पोट्ट्याने मोबाईल काढून दाखवलं की २०२५ मध्ये मुंबई १९ जानेवारीला आणि दिल्ली २३ फेब्रुवारीला. २०२६ मध्ये मुंबई १८ जानेवारीला आणि दिल्ली २२ फेब्रुवारीला. दोन्ही वेळा बरोबर पाच आठवडे. मुंबईत हाफही असते, माहीमहून निघून सागरी सेतूवरून थेट सीएसएमटीपर्यंत. नागपूरहून रात्रीची दुरांतो त्याच स्टेशनात उतरवते. उतरल्या जागी शर्यत संपते!

टपरीवर शांतता पसरली. तीन वर्षांच्या प्रश्नाचं उत्तर कुणीतरी तीस सेकंदांत दिलं होतं.

भाऊंनी तर्रीतले चणे चमच्याने एका बाजूला केले, जिल्हाधिकारी फायली बाजूला करतात तसे. म्हणाले, “जानेवारीत लग्नं असतात बाप्पा.”

“कोणाचं आहे?”

“अजून नाही ठरलं. पण असते.”

शिवाय नागपुरातली जानेवारीची पहाट आठ-दहा अंशांची आणि मुंबईची विशीच्या आसपासची. शिवाय दुरांतोचं वेटिंग. शिवाय हाफ शर्यत म्हणून धावायची की सराव म्हणून, हे कुठे ठरलंय? शर्यत म्हणून धावलं तर पाय सावरायला आठ-दहा दिवस जातात. सराव म्हणून हळू धावायचं तर नऊवारी नेसलेल्या साठीच्या काकू शेजारून पुढे निघून जातात, आणि मग कोणत्याही पुरुषाची हाफ सराव राहत नाही. हा शेवटचा मुद्दा भाऊंनी अनुभवाने मांडला असावा, कारण तो मांडताना त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही.

पोट्ट्यांच्या पिढीला दया नसते. पुढच्या रविवारी त्याने वसंत सोडून शरद ऋतूच आणला. बर्लिनची मॅरेथॉन, सप्टेंबर अखेर. आधीची हाफ हैदराबाद, ऑगस्ट अखेर, नागपूरहून एका रात्रीच्या अंतरावर. २०२५ मध्ये हैदराबाद २४ ऑगस्टला आणि बर्लिन २१ सप्टेंबरला, म्हणजे नेमके चार आठवडे. ऑगस्टमध्ये ऊन नाही, लग्नं नाहीत. भाऊंच्या कपाटातलं कॅलेंडर यापुढे कशाला चिकटवायचं, असा बिकट प्रसंग.

भाऊ बराच वेळ बोलले नाहीत. टपरीवाल्याने न मागता तर्री वाढली. मग भाऊंनी मोबाईलवर पंचांग उघडलं, बोटाने खाली-वर केलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

“शुक्रवारी पोळा. शनिवारी मारबत. अन् रविवारी हैदराबाद?” त्यांनी मोबाईल सगळ्यांसमोर फिरवला. “इतवारीत काळी मारबत, पिवळी मारबत, आख्खं नागपूर रस्त्यावर, दिवसभर उभं राहून पाय भरून येतात. अन् त्या पायांनी हाफ धावायची? कसं जमंल सांगा बरं.”

“मग भाऊ, औंदा तुमच्या कॅलेंडरचाच बडग्या काढू,” मागून कुणी तरी म्हणालं, “मारबतीच्या पुतळ्यामागून फिरवू, अन् पेटवून देऊ.”

सगळे हसले. भाऊही हसले. बशी खाली ठेवता ठेवता ते पोट्ट्याला म्हणाले, “बडग्याचं चांगलं आहे. पण मिरवणूक किती किलोमीटर असते रे, पायी?”