नुसता 'णार'

आमच्या घरात पोरगा अकरावीत गेला की त्याला शिंगे फुटत. निदान वडिलांचे मत तसे होते. "फार शिंगं फुटलीत का रे?" हा प्रश्न आणि पाठोपाठ येणारी चप्पल, यांतून आम्हा भावंडांपैकी कोणीच सुटले नाही. नॉर्वेजियन भाषेतल्या 'रुस' शब्दाची कुळकथा वाचली आणि वडिलांना थेट कोपनहेगनहून पाठिंबा मिळाला.

जुन्या काळी युरोपातल्या विद्यापीठांत नव्या पोराच्या डोक्याला चक्क शिंगे बांधत. शिंगे म्हणजे अंगातले जनावर. जुनी खोडे त्याची यथेच्छ टिंगल करून ती उतरवत, मग स्वारी माणसांत जमा. (आपल्याकडे शिंगे मोडायची ती वासरांत शिरायला, तिथे उतरवायची ती थोरांत बसायला.) अशा उमेदवाराला लॅटिनमध्ये म्हणत 'कोर्नुआ देपोझितुरुस', म्हणजे शिंगे उतरवणार तो. नॉर्वेत स्वतःचे विद्यापीठ निघाले १८११ साली. तोवर नॉर्वेकरांना शिंगे उतरवायलाही कोपनहेगन गाठावे लागे!

पोरांच्या तोंडी एवढे लॅटिन टिकते थोडेच? झिजता झिजता शिंगे गळाली, उतरवणे गळाले, उरला शेवटचा 'रुस'. आणि लॅटिनमधले हे शेपूट म्हणजे साधारण आपला 'णार'. करणार, जाणार, उतरवणार यांतला नुसता 'णार'. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांना याहून नेमके नाव पाणिनीलाही सुचले नसते.

आजचे रुस म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्षाची मुलेमुली. वसंत आला की ही मंडळी लाल विजार चढवतात, वाणिज्यवाले निळी. ती १७ मेपर्यंत, म्हणजे राष्ट्रीय दिनापर्यंत, अंगावर. परंपरेनुसार धुवायचीही नाही. टोपीच्या दोरीला गाठी मारायच्या आणि प्रत्येक गाठीत एकेक पराक्रम अडकवायचा. रात्र झाडावर काढलीत? बांधा एक डहाळी. काही टोळ्या तर बस घेऊन तिच्यात कानठळ्या बसवणारे कर्णे बसवतात. तिच्या खर्चावरून तिथले आईबाप वर्षानुवर्षे कुरकुरतात, आणि देतातही. चिल्लीपिल्ली रुसांमागे धावत त्यांची नाव छापलेली थट्टेखोर कार्डे गोळा करतात.

आणि लेखी परीक्षा? त्या परंपरेने बहुतेक १७ मेनंतर.

अभ्यास? करणार.